चौथ्या प्रकरणातलं बंद दार

मी एकदा एका कुलपाला शरणागती समजले. समजून गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मी त्या कुलपाचा फोटो काढला, फोटोवर एक प्रकरण लिहिलं आणि त्या प्रकरणाच्या जोरावर चाळीस वर्षं नोकरी केली.

हे सांगताना लाज वाटायला हवी, पण सत्तरीला टेकल्यावर लाजही गुडघ्यांसारखीच होते, पूर्वीइतकं काम देत नाही. तर आधी त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझी, ओळख करून देते. वय अठ्ठावीस. खांद्याला शबनम, डोळ्यांवर अर्ध्या चेहऱ्याएवढा गॉगल, दिल्लीत आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात पीएच.डी. चालू. तिचा विषय होता निर्बंध. एखादा देश ऐकत नसेल तर बाकीच्यांनी मिळून त्याचं तेल, औषधं, बँका बंद करायच्या आणि तो कधी वाकतो याची वाट बघायची, याला निर्बंध म्हणतात. बाईंना एखाद्या देशात जाऊन अभ्यास करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मार्गदर्शक म्हणाले, लहान उदाहरण शोध. बाईंनी बीड जिल्ह्यातलं एक खेडं शोधलं, शिरूर कासारच्या पलीकडचं. तिथं एका बौद्ध कुटुंबानं दसऱ्याला हलगी वाजवायला नकार दिला होता. बापजादे वाजवत आले म्हणून आपणही गावापुढं वाजवायची, हे त्यांना मान्य नव्हतं. गावानं त्यांना वाळीत टाकलं. दुकान बंद, गिरणी बंद, कामाला बोलावणं बंद, बोलणंसुद्धा बंद.

बाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. मोठमोठ्या देशांना जे ठरवायला सहा-सहा महिने लागत, ते इथं पारावर एका दुपारात उरकलं होतं.

बाई तीन दिवस राहिल्या आणि दोन वह्या भरून दिल्लीला गेल्या. पौषात पुन्हा आल्या, एका तासासाठी, कारण परतीची एस.टी. होती. त्या घराला कुलूप होतं. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही. फोटो काढला आणि प्रबंधात लिहिलं: 'अवघ्या तीन महिन्यांत लक्ष्य कुटुंबाने निर्बंधांपुढे मान तुकवली व गाव सोडले.' प्रबंधाचं पुस्तक झालं आणि हे वाक्य चौथ्या प्रकरणाच्या शेवटी जाऊन बसलं. पुढे दहशतवादविरोधाला चांगले दिवस आले, तेव्हा मी तिकडेही हातपाय पसरले. पण माझी ओळख राहिली ती 'खेड्याचं उदाहरण देणारी बाई' हीच. व्हिएन्नातल्या एका परिषदेत जेवताना एक अधिकारी मला म्हणाला, ''तुमचं ते खेडं आम्हाला फार उपयोगी पडलं.'' मी त्याचे आभार मानले. त्यांनी ते ज्या देशासाठी वापरलं तिथं पुढे इन्सुलिन मिळेनासं झालं, असं मी नंतर वर्तमानपत्रात वाचलं. वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण यंदा प्रकाशकाला त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची हुक्की आली, त्याची बातमी कुठंतरी छापून आली, आणि मार्गशीर्षात एका सकाळी मला फोन आला.

''मॅडम, सप्रेम जय भीम. मी सुजाता. बीडला ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. तुमचं पुस्तक वाचलं. चौथ्या प्रकरणातलं 'कुटुंब क' म्हणजे आम्ही.''

''मी गावाचं नाव कुठंच दिलेलं नाही,'' मी म्हणाले. गोपनीयतेबद्दल मी फार काटेकोर.

''नाव नाही दिलं. पण 'नदीकाठी जोडचिंच, पाराला टेकवलेला सोंड तुटलेला दगडी हत्ती' असं लिहिलंय. तसला हत्ती आमच्याकडेच आहे.''

मला तो हत्ती आठवला.

''आणि तो फोटो, मॅडम. त्यात चार दारं दिसतात.''

''बरं, मग?''

''चारही दारांना कुलूप आहे.''

मी पुस्तक काढलं, भिंग घेतलं, खिडकीशी गेले. चार दारं, चार कुलपं. हा फोटो मी पाच देशांत पडद्यावर दाखवला होता. त्यातलं एकच कुलूप मला आणि माझ्या सगळ्या विद्वान श्रोत्यांना दिसत होतं, कारण मी काठी त्याच्यावर ठेवत असे.

''बाकीच्या तिघांना कुणी वाळीत टाकलं होतं?'' सुजातानं विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ''दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मॅडम. तेव्हाही जायचं. आजी-आजोबांनी मान तुकवली नव्हती. कामाला गेले होते.''

मग ती मुद्द्यावर आली. आजोबा वारले होते. आजी, कौसाबाई, होती. सुजातानं ते वाक्य मराठीत करून तिला वाचून दाखवलं होतं. ''तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही, जणू मीच लिहिलंय. पुस्तक परत छापायच्या आधी एकदा या. आमच्या घराबद्दल छापलेलं एवढं एकच वाक्य आहे जगात, आणि ते हे आहे.''

तपासायची मुद्रितं महिन्याभरात यायची होती. मी येते म्हणाले.

सून म्हणाली, ''आई, गाडी करून जा.'' मी म्हणाले, फील्डवर्कला गाडी करून जात नाहीत. ''या वयात फील्डवर्क?'' ''त्या वयात केलं नाही म्हणून.'' तिनं मुकाट्यानं गुडघ्याचा पट्टा आणि ओआरएसची पाकिटं पिशवीत घातली.

पुण्याहून बीडची एस.टी. पकडली. नगर येईपर्यंत समोरून उसाचे ट्रॅक्टर येत राहिले, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, आणि आमचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी त्यांना आधी रस्ता देऊन मग शिव्या देत होता. नगर मागं पडलं, कडा गावाजवळ आलो, तसा ऊस संपला. उघडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, खाली कंबरेएवढी ज्वारी आणि बांधाला बोरी. ऊस तोडणारी माणसं जिथून येतात तिथं तोडायला ऊस नसतो. हे चाळीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर खिडकीतूनही कळलं असतं, पण त्या बाईंना गॉगलमुळे सगळंच तपकिरी दिसत होतं.

शेजारी आष्टीला उतरणारी एक बाई होती. मांडीवर बोरांची पिशवी.

''कुठं चाललाव?''

''शिरूरकडे.''

''कोन हाय तिथं?''

''कुणी नाही. माफी मागायला चाललेय.''

तिनं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. ''लेकानं कुनाची पोर नांदवली न्हाई का?''

''नाही हो. मी पुस्तकात खोटं लिहिलं एका घराबद्दल.''

तिनं यावर दोन बोरं खाल्ली, बिया खिडकीबाहेर टाकल्या. ''मंग एवढ्या लांब कावून जाताव? पुस्तक वाचतंय कोन?''

असा प्रश्न मला कुठल्याही परीक्षकानं कधी विचारला नव्हता. तिनं मूठभर बोरं माझ्या ओंजळीत टाकली आणि आष्टी येईपर्यंत आपल्या जावयाचं सगळं सांगितलं. जावयाविरुद्धची तिची बाजू अतिशय मुद्देसूद होती.

बीडच्या स्टँडवर सुजाता उभी होती. तिशीची, सुती कुर्ता, हातात हेल्मेट. स्कूटी शिरूरला लावली आहे, तिथपर्यंत काळी-पिवळीनं (वाटेत हात करील त्याला घेणारी जीप) जाऊ, म्हणाली. जीपमध्ये माणसं बसून झाल्यावर आणखी तेवढीच माणसं बसली. मला म्हातारी म्हणून खिडकीजवळची जागा मिळाली. पाय ठेवायला गेले तर खाली एक पोतं. पोत्यातून दोन वायरी बाहेर आलेल्या, एक लाल, एक पिवळी.

माझी अडचण समजून घ्या. दहशतवादविरोधावर माझी दोन पुस्तकं आहेत. पोलीस अधिकाऱ्यांना मी वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली आहेत. 'बेवारस वस्तू' या विषयावर माझी हातखंडा दीड तासाची मांडणी होती. प्रत्यक्ष बेवारस वस्तू मात्र आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पायाखाली आली होती. मी शिकवत आले तसंच, आवाज न चढवता म्हणाले, ''ड्रायव्हर, गाडी थांबवा. सगळ्यांनी शांतपणे खाली उतरा.''

गाडी थांबली. सगळे खरोखरच इतके शांतपणे उतरले की मला माझ्या शास्त्राचा अभिमान वाटला. पुरुष मंडळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभी राहिली. दोन बायकांनी मला धरून बाभळीमागं नेलं आणि माझ्याभोवती पदराचा आडोसा धरला.

''बसा, आजी. घाई न्हाई,'' एकजण म्हणाली.

मला काय झालंय असा त्यांचा समज आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग मी पोत्याकडे बोट दाखवून वायरींचं सांगितलं. ड्रायव्हरनं वाकून आत पाहिलं आणि पलीकडे तोंड करून ओरडला, ''कुनाचं हाय बे हे?''

''माजं हाय!'' पाठ केलेल्यांपैकी एकजण वळला. ''मोटारीचं स्टार्टर हाय. दुरुस्त करून आनलंय. कावून, काय झालं?''

''आजीला वाटलं, उडतंय.''

''जळतंय तेवढं,'' तो म्हणाला. ''उडत न्हाई.''

सुजाता ज्वारीकडे बघत होती, फार लक्ष देऊन. पुढचा सगळा रस्ता त्या माणसानं स्टार्टर मांडीवर घेतला आणि दोन्ही वायरी माझ्या बाजूला येऊ नयेत म्हणून हातात धरून ठेवल्या.

शिरूरहून स्कूटीवर मागं बसून गावात पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दगडी हत्ती होता तिथंच होता. सोंड अजूनही नव्हती. आणि कुलपं होती. पहिल्या गल्लीत तीन, दुसऱ्या गल्लीत सहा, मग मी मोजायचं थांबवलं. उंबऱ्यांवर म्हातारी माणसं, त्यांच्या आसपास नातवंडं, कोंबड्या, सुकत घातलेल्या मिरच्या. मधलं माणूसच नाही. पंचवीस ते पन्नास वयाचं गाव दिवाळीनंतर उठून गेलं होतं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येणार होतं. दर वर्षीसारखं. कुणीही न लपवलेली, दारादारावर टांगून ठेवलेली गोष्ट.

कौसाबाई दारात उभी होती. माझ्याच वयाची, किरकोळ, काठाचं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा. सिमेंटच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात एक शेळी. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

''गॉगल कुठं हाय?'' ती म्हणाली.

''हरवला.''

''सुजे, हीच गं ती. आमच्या शेळीला भिऊन वट्यावर चढल्याली.'' मग मला म्हणाली, ''तीन दिस बसलाव माझ्या दारात. घोटभर पानी पेला न्हाई. मी म्हनलं, आगं बया, बंदी दिल्लीपातुर गेली का काय!''

त्याचं कारण माझ्या वहीत लिहिलेलं आहे. संशोधकानं तटस्थ राहावं म्हणून बाई दोन्ही बाजूंचं पाणी सारखंच नाकारून दिल्लीहून आणलेल्या गोळ्या टाकलेलं आपल्या बाटलीतलं पाणी पीत होत्या. हे मी कौसाबाईला समजावून सांगितलं. मनात ते जितकं समंजस वाटत होतं तितकं बोलताना वाटलं नाही.

''गावचं बी नव्हतं पेला?''

''नाही.''

''हां. मंग ठीक हाय,'' ती म्हणाली. पण चाळीस वर्षं तिनं दुसरंच धरून ठेवलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तिनं तांब्या आणला. मी तो उभ्यानं संपवला आणि दुसरा मागितला. डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलं आहे. डॉक्टर पुण्यात होते.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावलेली), शेंगदाण्याचा ठेचा. आमटी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ''रडू नका,'' कौसाबाई म्हणाली, ''आदी जेवा.'' मी म्हणाले, तिखटानं येतंय. ती म्हणाली, ''येऊ द्या, कशानं बी येऊ द्या.''

मग मी माफी मागितली. बसमध्ये चार वाक्यं तयार केली होती. त्यातली दोन झाल्यावर तिनं हात वर केला.

''त्ये ऱ्हाऊ द्या. मान तुकवली, आसं कोन म्हनलं तुमाला?''

''कुणी नाही. दाराला कुलूप होतं.''

''मंग कुलूप न लावता जायचं व्हतं का?''

सुजाता म्हणाली, ''आजी, सगळं सांग त्यांना. लिहून घ्यायला आल्यात.''

कौसाबाईनं सांगितलं ते असं. दसऱ्याला तिच्या नवऱ्यानं, किसननं, हलगी खाली ठेवली. गावानं बंदी घातली. दळणाला तिची सासू डोक्यावर पायली घेऊन शिरूरला चालत जायची. गावात बोलायला माणूस नाही. बंदीत सगळ्यात पुढं होता दगडू, जत्रेच्या पंचांतला. गिरणीवाल्याला दम देऊन आलेला तोच. दिवाळी झाली. ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या गाड्या आल्या. आणि सासूला तिच्या लेकीकडे सोडून, दाराला कुलूप घालून गाडीत किसन-कौसाबाई चढले तशी दगडू आणि त्याची बायको यशोदीही चढली, कारण दगडूलाही कोरडवाहूच जमीन होती. मुकादम परगावचा. त्याला गावच्या बंदीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं चौघांना एका टोळीत घातलं, उसाच्या पाती (तोडायला नेमून दिलेल्या ओळी) शेजारी शेजारी दिल्या, कोप्या (पाचटाची खोपटी) शेजारी शेजारी.

''बोलत होता का एकमेकांशी?'' मी विचारलं.

''बोलतंय कोन! बंदी हाय म्हनल्यावर. ती तिच्या पातीत, मी माज्या पातीत.''

''मग?''

''मंग दगडूला ताप भरला. कोपीत पडला. यशोदी एकलीच आली फडात. तोडलं तिनं, मोळी बी बांधली. आता मोळी गाडीवर न्यायची तर डोक्यावर घ्यावा लागती. आन् आपली मोळी आपल्या डोक्यावर घेता येत न्हाई, बाई. कितीबी जोर आसू द्या. समोरून दुसऱ्यानं हात लावावाच लागतो. तवा ती उभी ऱ्हायली मोळीपाशी.''

''काय म्हणाली?''

''काय म्हननार? बंदी व्हती ना. नुसती उभी ऱ्हायली, तिकडं तोंड करून.''

''आणि तुम्ही?''

''मी बी तिकडंच तोंड करून हात लावला.''

मी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांत निर्बंध मोडण्याचे जे जे मार्ग मी शिकवले, बनावट जहाजं, तिसऱ्या देशातून फिरवलेला माल, त्यात हा नव्हता. दिवसाला किती मोळ्या असतील ते मी विचारणार होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

''सांग, सांग. हात लावला त्ये सांगितलं, आन् तिसऱ्या मोळीला माज्या पायावर पाडली त्ये?''

दारात एक ठेंगणी म्हातारी उभी होती, कंबरेला पानाची चंची. कौसाबाईनं वळूनही पाहिलं नाही. ''ही यशोदी,'' ती मला म्हणाली. ''रोज या येळेला येती. आज हिला वास बी लागला आसंल.''

यशोदीबाई येऊन भिंतीला टेकून बसली. दगडू जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. ताप उतरून तो फडात आला तोपर्यंत दोघी एकमेकींच्या मोळ्यांना हात लावत होत्या, आणि त्यानं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाडव्याला गाव परत आलं. दुसऱ्या दिवशी आडावर कौसाबाईची घागर यशोदीनं सगळ्यांदेखत उचलून दिली. त्यानंतर गिरणीवाल्यानं विचारलंच नाही.

''म्हणजे बंदी तेव्हा उठवली?'' मी विचारलं. हा माझ्या विषयातला फार महत्त्वाचा टप्पा आहे.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

''उठिवली का गं?'' कौसाबाईनं विचारलं.

''कुठं उठिवली? पारावर बसून घातल्ती, पारावर बसूनच उठवावा लागती. कोन बसलंच न्हाई,'' यशोदीबाई म्हणाली. ''आमचा म्हातारा तर मरेपातुर म्हनायचा, बंदी हाय म्हंजी हाय. इथंच बसून म्हनायचा. हिच्या हातचा च्या पीत.''

म्हणजे कागदोपत्री कौसाबाई अजून वाळीत होती. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही असंच असतं, यादीत नाव घालायला एक दिवस पुरतो, काढायला कुणाला सवड होत नाही. शिवाय आता असं वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगितलं.

''आता मंजी आमचा म्हातारा आसता तर आत गेला आसता?'' यशोदीबाईनं विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, ''दोन-चार दिस गेला आसता तर चाललं आसतं.''

''आणि हलगी?'' मी विचारलं.

उत्तर सुजातानं दिलं. ''आजोबांनी खाली ठेवली ती ठेवली. बाबांनी हातात धरली नाही, माझ्या भावांनी पाहिलेलीसुद्धा नाही. गावानं दोन वर्षं बाहेरून वाजवणारे आणले, मग डीजे आला. मॅडम, एका घरानं गावाला 'नाही' म्हटलं आणि ते 'नाही' टिकलं. तुमच्या पुस्तकात हे घर हरलंय. आता नीट लिहा. आम्ही जिंकलो, असं लिहा. स्पष्ट.''

वर्गात पोरांसमोर हे प्रकरण शिकवायची वेळ आली तर आपल्याच घराची हार तिला वाचून दाखवावी लागणार होती, ते मला दिसत होतं. मी तिला शब्द दिला. मला चेव चढला होता. त्या गॉगलवाल्या बाईला मी तिच्याच पुस्तकात तोंडघशी पाडणार होते आणि त्याची मजा काही वेगळीच होती. कौसाबाई उठून शेळीला पाला टाकायला गेली. मी तो होकार धरला.

मुक्कामाला कौसाबाईकडेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रानात हुरडा झाला. शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजायची, गरम असतानाच तळव्यावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं. माझ्या फुंकरीनं तूस राहिलं आणि दाणे उडाले. यशोदीबाई म्हणाली, ''बाईला आयतं द्या, न्हाईतर उपाशी जाईल.'' मग दोघींनी मिळून मला चोळून दिलं. एकीच्या तळव्यावरचे दाणे दुसरी निवडून माझ्यापुढं टाकत होती, आणि बोलणं सगळं तिसऱ्याच कुणाबद्दल, गेवराईला दिलेल्या कुणा भाचीबद्दल चाललं होतं. निघताना मी वाकून नमस्कार करायला गेले तर कौसाबाईनं खांदे धरले. ''वाकू नका, बाई. गुडघ्याला पट्टा हाय.''

परतीच्या बसमध्ये मी खूश होते. पुण्यापर्यंत नवा परिच्छेद मनात तयार झाला. चूक सुधारणं म्हणजे वाक्य उलटं करणं, असं मला वाटत होतं. हरले होते तिथं जिंकले, लादणारे जिंकले होते तिथं हरले. आमच्या विषयात दोनच रकाने असतात. आयुष्यभर मी प्रत्येक देशाला त्यातल्या एकात बसवलं, आणि पहिल्या रकान्यातलं नाव चुकलं म्हटल्यावर मी निमूटपणे दुसऱ्या रकान्याकडे वळले होते.

तीन आठवड्यांनी मुद्रितं आली. जुनं वाक्य मी लाल शाईनं खोडलं, दोनदा, हवं त्याहून जोरात. जागेवर लिहिलं: 'लक्ष्य कुटुंब हरले नाही. ते दर वर्षीप्रमाणे कामाला गेले होते. निर्बंध मोडले ते लादणाऱ्याच्याच घरात. अखेर कुटुंब जिंकले.' फोटोखालच्या ओळीत चारही कुलपांचा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकाचा माणूस मुद्रितं न्यायला येणार होता. संध्याकाळी मी सुजाताला फोन लावला. ती गावीच होती. तिनं फोन स्पीकरवर टाकून आजीसमोर धरला.

मी सावकाश वाचून दाखवलं. एकेक वाक्य बोलीतही सांगितलं. 'जिंकले' या शब्दाला सुजाता तिकडून ''हां, बरोबर!'' म्हणाली. शेळी ओरडली, कुणीतरी तिला गप्प केलं.

मग कौसाबाई म्हणाली, ''हारलो न्हाई आसं लिवलं, लई ब्येस केलं, बाई. पर त्ये जितलो काढून टाका. यशोदी हितं शेजारीच बसलीया, आन् आमाला आजून लई दिस संगं काढायचेत.''